फळ्यावरचे दात

इंटरव्ह्यूच्या खोलीचं दार उघडलं आणि बेकरीवाली वहिनी घाम पुसत बाहेर आली.

"झाला?" लॉन्ड्रीवालीने सरकून तिला खुर्ची रिकामी करून दिली.

"झाला बाई एकदाचा!" वहिनी धपकन बसली. "पण धडाधड बोलले हं सगळं. एक शब्द अडला नाही. दातांचं तर असं काही रंगवून सांगितलं, की तो आतला कॉम्प्युटरवाला मुलगा टायपायचा थांबून बघतच राहिला."

"कसले दात?"

"अगं, ते नाही का, फळ्यावरचे. मशीनमध्ये खडखड आवाज आला, मी लगेच मशीन बंद केलं, आत बघते तर दातांची कवळी."

लॉन्ड्रीवालीला आधी वाटलं, वहिनी थट्टा करते आहे. मग तिने वहिनीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. थट्टेचं काही चिन्ह नव्हतं.

"वहिनी, तुम्ही बेकरीत काम करता."

"मग? बेकरीत काय मशीन नसतं? मैदा मळायचं आमचं केवढं धूड आहे, तू पाहिलंयस. मी म्हटलं, मैद्यात सापडली."

"मैद्यात दात सापडले, असं सांगितलंत? हॉटेलवाल्यांना? आणि अर्ज कशासाठी केलाय तुम्ही?"

"किचनच्या को..." वहिनीचा हात हळूहळू तोंडावर गेला. "अगं बाई!"

हे सगळं समजायला थोडं मागे जायला हवं.

शहरात पाच मजली नवं हॉटेल उघडणार होतं आणि तिथे माणसं हवी होती. किचनच्या कोठीत, लिफ्टवर, गणवेशाच्या खोलीत आणि चादरी-टॉवेलांच्या खोलीत. पाहुणे परदेशातून येणार, म्हणून इंटरव्ह्यू इंग्रजीत. गल्लीतल्या चौघांनी, म्हणजे वहिनी, लिफ्टवाले काका, शिंपी आणि लॉन्ड्रीवालीने, अर्ज केले आणि चौघेही बाईंकडे गेले. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांच्या पुढच्या खोलीत दुपारी मुलांचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. बाई म्हणाल्या, "मोठ्यांसाठी वेगळी वेळ मला जमायची नाही. मुलांच्यात बसायची लाज नसेल तर या."

मग चार मोठी माणसं लहान मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसायला लागली. बाईंनी युक्ती अशी काढली, की प्रश्न मुलांनी विचारायचे आणि उत्तरं मोठ्यांनी द्यायची. मुलांना काय, उधाण आलं. एकजण बाईंचा जुना चष्मा लावून साहेब व्हायचा आणि दरडावायचा, "टेल मी अबाउट युवरसेल्फ!" लिफ्टवाले काका दचकून उभे राहायचे. चुकलं की पोरं एका सुरात म्हणायची, "परत!" काका परत म्हणायचे. तीस वर्षं लोकांना वर-खाली पोहोचवणाऱ्या माणसाला, ही पोरं रोज त्याच मजल्यावर अडकवून ठेवायची.

चौघांमध्ये लॉन्ड्रीवालीची गरज सगळ्यात मोठी होती. ती ज्या लॉन्ड्रीत कामाला होती ती महिनाअखेर बंद व्हायची होती. मालकाने मशीनं विकायला काढली होती. घरात ती आणि तिची मुलगी, दोघीच. मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. दुधाचा पुढचा दात नुकताच पडलेला, त्यामुळे इंग्रजी बोलताना फटीतून वारा जायचा. तरी वर्गात सगळ्यात मोठा आवाज तिचाच.

एके दिवशी बाईंनी विचारलं, "तुमच्या कामात एखादी अडचण आली आणि तुम्ही ती सोडवली, असं काही सांगा बरं? हा प्रश्न हमखास येतो."

मोठी माणसं छताकडे बघायला लागली. लॉन्ड्रीवाली अजून कामावरून आली नव्हती. भिंगरीचा हात मात्र बाणासारखा वर गेला.

"बाई, माझ्या आईला मशीनमध्ये दात सापडले होते!"

वर्ग हसून लोळला. भिंगरीने उभं राहून सगळं सांगितलं. दवाखान्याच्या चादरी आईकडे धुवायला यायच्या. मशीन खडखडायला लागलं. आईने बंद केलं. उशीच्या अभ्र्यात कवळी निघाली, अगदी स्वच्छ धुतलेली. मालक म्हणाला, फेकून दे. आईने फेकली नाही. रुमालात बांधून स्वतः दवाखान्यातल्या आजोबांना नेऊन दिली.

"शाबास," बाई म्हणाल्या. "याला म्हणतात उदाहरण." आणि त्यांनी ते सोप्या इंग्रजीत फळ्यावर लिहिलं. वाक्यं छोटी, मोत्यासारखं अक्षर. शेवटी लिहिलं, 'द कस्टमर वॉज व्हेरी हॅपी.' खाली रेघ मारून त्या मोठ्यांकडे वळल्या. "हा नुसता साचा आहे हं. यात प्रत्येकाने आपापल्या कामातलं घालायचं."

"हो बाई," तिघे म्हणाले.

लॉन्ड्रीवाली आली तेव्हा भिंगरी दारातच उभी होती. "आई, फळ्यावर तू आहेस! बघ!" लॉन्ड्रीवालीने एकेक शब्द जुळवत वाचलं. शेवटच्या वाक्यापाशी ती थबकली. तसं काही घडलं नव्हतं. त्या दुपारी दवाखान्यात काय झालं, ते तिने भिंगरीला कधीच सांगितलं नव्हतं. पोरीला सांगण्यासारखं ते नव्हतंच. तिने बाईंकडे पाहिलं, मग लेकीच्या फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान लिहिलंय." त्या दिवसापासून तीही इतरांसारखं तेच म्हणायला लागली. द कस्टमर वॉज व्हेरी हॅपी. पोरं टाळ्या वाजवायची.

आणि आज, या एसीने गार पडलेल्या खोलीबाहेर, वहिनीने ते दात मैद्यातून काढले होते.

"काका, तुम्ही?" लॉन्ड्रीवालीने पलीकडच्या खुर्चीत बसलेल्या लिफ्टवाल्या काकांना विचारलं. त्यांचा इंटरव्ह्यू सगळ्यात आधी झाला होता.

काका आपल्या बुटांशी बोलले. "लिफ्टमध्ये खडखड आवाज आला."

"काका!"

"अगं, ऐनवेळी सुचतंय कुठे दुसरं? त्या मॅडमनी प्रश्न विचारला आणि माझ्या डोळ्यांपुढे तो फळाच उभा राहिला. मी आपला वाचत गेलो."

"बाई म्हणाल्या होत्या ना, आपापलं घाला म्हणून?"

"घातलं की. लिफ्ट घातली."

एरवी लॉन्ड्रीवाली पोट धरून हसली असती. आता तिला हसू येईना. वहिनीनंतर आत गेलेला शिंपी अजून तिथेच होता. ती मनात म्हणत राहिली, शिंपीदादा हुशार आहे, शिंपीदादा काहीतरी दुसरं सांगेल. एवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला. दोन माणसांचा. त्यात शिंप्याचा नव्हता.

दार उघडलं. शिंप्याचे कान लाल झाले होते.

"कोटाच्या खिशात," तो कुणी विचारायच्या आत म्हणाला. "मी म्हटलं, कोटाच्या खिशात सापडली. त्यांनी विचारलं, तुम्हालाही? मी म्हटलं, येस सर. त्यांनी विचारलं, मग गिऱ्हाईक काय म्हणालं? मी म्हटलं, व्हेरी हॅपी. तर दोघं एकमेकांकडे बघून..." त्याने मान खाली घातली. "या गावात कवळ्या फारच हरवतात म्हणे."

लॉन्ड्रीवालीने बंद होणाऱ्या दाराकडे पाहिलं. तिची गोष्ट, तिच्या हातांनी मशीनमधून काढलेली, तिने भर उन्हात दवाखान्यापर्यंत नेलेली. आणि आता तीच गोष्ट तिने सांगितली तर ती खोटी ठरणार होती. दुसरं काही सांगावं, तर इंग्रजीत तिच्याजवळ दुसरं काही नव्हतंच. जेवढं होतं तेवढं सगळं त्या फळ्यावर होतं.

"नेक्स्ट," आतून हाक आली.

"जा गं," वहिनी हळूच म्हणाली. "आणि ऐक, दातांचं सांगू नकोस."

आत लांबलचक टेबल होतं. पलीकडे पिकल्या केसांच्या एक मॅडम, हॉटेलच्या सगळ्या साफसफाईच्या मुख्य. शेजारी कॉम्प्युटरवाला मुलगा, त्याचे ओठ अजून आवरलेल्या हसण्याने थरथरत होते. टेबलावर नमुन्याच्या चादरी आणि टॉवेलांची चळत होती. बोलणं सगळं इंग्रजीत. त्यांचं गुळगुळीत, तिचं ठेचकाळत.

टेल मी अबाउट युवरसेल्फ. ते तिने नीट सांगितलं. वर्गातला तो चष्मेवाला साहेब तिला आठवला आणि आवाज जरा सावरला. तुमच्यात चांगलं काय आहे? तेही सांगितलं. मॅडम मान डोलावत होत्या.

"आता मला सांगा, कामात आलेली एखादी अडचण."

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मोठा होत गेल्यासारखा वाटला. काहीतरी बोल, ती स्वतःला म्हणाली. काहीही. डागांचं सांग. इस्त्रीचं सांग. पण डागाला काय म्हणतात, जळण्याला काय म्हणतात, काही म्हणजे काही जिभेवर येईना. दातखीळ बसणं म्हणतात ते हेच असणार.

"काहीच अडचण आली नाही कधी?" मुलाने विचारलं.

"आली, सर... टीथ."

मुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं, आणि ते पेन ठेवणंच तिला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

"आज सकाळपासून तुम्ही चौथ्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "मैद्यात दात, लिफ्टमध्ये दात, कोटात दात. तुमचे कुठे होते?"

"उशीच्या अभ्र्यात. मॅडम, बाकीचे... ते दात माझे आहेत. माझेच दात त्यांनी सांगितले."

"आणि गिऱ्हाईक व्हेरी हॅपी झालं," मुलगा म्हणाला.

येस सर म्हणायचं, बास. तेच तर पाठ केलं होतं. पोरांनी शंभरदा म्हणून घेतलं होतं. तिने तोंड उघडलं, आणि तिच्या डोळ्यांपुढे फळा आलाच नाही. दवाखान्यातली खाट आली.

"नो सर," ती म्हणाली. "कस्टमर नॉट हॅपी. कस्टमर डेड."

मुलाचे हात तोंडावरून खाली आले.

सगळ्यात जास्त दचकली होती ती स्वतःच. हे शब्द तिला कुणी शिकवले नव्हते. कुठल्याच वर्गात कुणी शिकवले नसते. पण आता ते बाहेर पडले होते आणि त्यांच्या मागून बाकीचे यायला लागले, मोडके, एकमेकांवर आपटणारे, क्रियापदं गाळलेले. मॅडमनी एकदाही मध्ये तोडलं नाही. तिने जे सांगितलं ते असं होतं.

मालकाने तिला जेवणाच्या सुट्टीशिवाय सोडलं नाही. ती दवाखान्यात पोहोचली तेव्हा कवळी ज्यांची होती ते म्हातारबाबा नुकतेच गेले होते. नर्स बाहेर फोनवर बोलत होती. खाटेजवळ त्यांची बायको उभी होती, एवढीशी, वाळलेली. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, हे आमचे नाहीत. काहीतरी घोटाळा झालाय. आमच्यांचं तोंड असं नव्हतं. गाल आत गेले होते ना. ओठ आत ओढले गेले होते. ती बाई आपल्याच नवऱ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघत होती आणि दारातून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, आमचे कुठे ठेवलेत?

लॉन्ड्रीवालीने रुमाल सोडला. म्हातारीने कवळी हातात घेतली, पण तिचे हात इतके कापत होते, की ते जमेना. मग लॉन्ड्रीवालीने हनुवटी धरली. परक्या माणसाची, मेलेल्या माणसाची. तिने दात बसवले, आधी खालचे, मग वरचे. ओठ बोटाने सरळ केले. गाल भरले.

म्हातारी वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "हां. हे आमचे." आणि तेव्हा कुठे ती रडली.

हे सांगताना लॉन्ड्रीवालीचे दोन्ही हात हवेत वर आले होते, जणू त्यांच्यामध्ये अजून ती हनुवटी होती. तिच्या ते लक्षात आलं आणि तिने हात मांडीवर दाबून धरले.

"आफ्टर दॅट," ती म्हणाली, "मी प्रत्येक अभ्र्यात हात घालते. मशीनच्या आधी. एव्हरी पिलो. मालक ओरडतो. स्लो, स्लो म्हणतो. मी घालते."

मुलगा कॉम्प्युटरकडे बघत होता, पण बोटं चालत नव्हती. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मग त्या तिघांनी ही गोष्ट का सांगितली?"

"माय डॉटर टोल्ड टीचर. टीचर रोट ऑन बोर्ड." तिला भीती वाटली, की आता गल्लीतली माणसं चोर ठरतील. "दे आर गुड पीपल, मॅडम. व्हेरी अफ्रेड. पाठ केलं फक्त." शेवटचं मराठीतच आलं, पण पाठ कशाला म्हणतात ते बहुधा चेहऱ्यावरून कळलं असावं.

"त्यांना सांगा, उद्या परत या," मॅडम म्हणाल्या. "या वेळी दात घरी ठेवून."

मग त्यांनी विचारलं, "व्हेन कॅन यू स्टार्ट?"

याचंही उत्तर होतं फळ्यावर. मोठं, रुबाबदार. पोरांना ते म्हणायला फार आवडायचं. तिला त्यातला एक शब्द आठवेना. तिने टेबलावरच्या चळतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "टुमॉरो."

"महिनाभर बघू आधी," मॅडम म्हणाल्या. "पण उद्या या."

बाहेर तिघे उभेच होते. तिने सांगितलं तेव्हा वहिनीने तिला मिठी मारली, मग एकदम लांब होऊन म्हणाली, "पण मग म्हातारबाबा... आणि आम्ही इतके दिवस व्हेरी हॅपी, व्हेरी हॅपी..." शिंपी म्हणाला, "आणि मी ते हसत सांगितलं गं, दात काढून." काकांनी डोक्यावरची टोपी उगाचच काढली आणि ती हातात धरून ते चालायला लागले.

संध्याकाळी बाईंच्या खोलीत वर्ग सुटत आला होता. काका, वहिनी आणि शिंपी आधी जाऊन बसले होते. लॉन्ड्रीवाली दारात आली तेव्हा बाई खडू हातात धरून फळ्यासमोर उभ्या होत्या. त्यांना वहिनीने सगळं सांगितलं होतं. बाईंचा चेहरा खडूसारखा झाला होता.

"मी विचारायला हवं होतं तुला," बाई म्हणाल्या. "माझ्या हाताला सवयच लागलीय. गोष्ट असली, की शेवटी हॅपी."

"तुमच्या साच्यानेच तोंड उघडलं माझं, बाई," लॉन्ड्रीवाली म्हणाली. "पुढचं आपोआप आलं."

भिंगरी बाकांमधून धावत आली. तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. "आई! नोकरी मिळाली ना? माझी गोष्ट सांगितलीस? ते हसले?"

"मिळाली. महिनाभर बघणार आहेत."

"आणि आजोबांचं सांगितलंस? आजोबा व्हेरी हॅपी झाले ते?"

खोलीतली मोठी माणसं एकदम खाली बघायला लागली. लॉन्ड्रीवालीच्या लक्षात आलं, की जे लेकीला आपल्या भाषेत इतके दिवस सांगता आलं नाही, ते तिने आज परक्या लोकांना परक्या भाषेत सांगून टाकलं. ती बुटक्या बाकावर बसली. आता तिचं तोंड भिंगरीच्या तोंडासमोर आलं.

"नाही गं," ती म्हणाली. "मी पोहोचले तोवर आजोबा गेले होते."

"कुठे?"

"वारले होते."

भिंगरी एका जागी ठरली. कधी नव्हे ती ठरली. तिने फळ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, परत आईकडे.

"पण फळ्यावर तर..."

"फळ्यावर चुकलंय," बाई म्हणाल्या.

बाई चुकू शकतात, हे भिंगरीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि माणूस वारला हे कळण्याइतकाच तिला त्याचाही धक्का बसला असावा. मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "मग ते दात? ते आता कुठे आहेत?"

"त्यांच्याच तोंडात. मी बसवले."

"तू? हाताने?"

"हाताने. आजींना दातांशिवाय आजोबा ओळखू येत नव्हते ना."

भिंगरीने आईचा उजवा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बोटं एकेक करून बघितली. तिची जीभ हळूच पुढच्या पडलेल्या दाताच्या फटीत गेली आणि तिथेच राहिली.